शरीराची ठेवण आणि बास्केटबॉलची शिकवण

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

‘अगं, तू आणि बास्केटबॉल?’

या एका वाक्याने माझ्या क्रीडाजीवनाचा श्रीगणेशा झाला आणि त्याच वाक्याने ते संपलेही. मी तेव्हा आठवीत होते. शाळेच्या मैदानावर मुलींना उंचीप्रमाणे उभे केले होते. रांगेच्या उंच टोकाकडून दहा मुली मोजून घेतल्या आणि बाकीच्यांना ‘लेझीम’ असे सांगण्यात आले. मी रांगेच्या दुसऱ्या टोकाला होते. शिवाय अंगाने ‘गुटगुटीत’. हा शब्द लहानपणी कौतुकाचा असतो. आठवीत गेल्यावर तो कौतुकाचा राहत नाही. मी धीर करून पुढे गेले, तेव्हा वरचे वाक्य ऐकू आले आणि त्याच्या मागोमाग मैत्रिणींचे हसणेही. मी लेझीम घेतले. लेझीम मला आवडते. पण त्या दिवसापासून चेंडू दिसला की मी नजर दुसरीकडे वळवू लागले, हेही तितकेच खरे.

महाविद्यालयात आल्यावर दुसऱ्या वर्षी आपल्या मैदानाच्या कोपऱ्यात बास्केटबॉलचे कोर्ट आखले गेले. शारीरिक शिक्षणाच्या सरांनी फलकावर सूचना लावली : ‘ज्यांना शिकायचे आहे त्यांनी सकाळी साडेसहाला यावे.’ त्या सूचनेत उंचीचा उल्लेख नव्हता. केवळ त्या एका गोष्टीमुळे मी गेले. माझ्याबरोबर कुदळवाडीहून येणारी माझी एक मैत्रीण आली, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ५० किलो. गावच्या तालमीत जाणारा आमच्या वर्गातील एक पैलवानही आला, उंची १६५ आणि वजन ७०. मी स्वतः १५१ सेंटिमीटर आणि ६० किलो. (स्त्रिया वय आणि वजन सांगत नाहीत म्हणतात, पण लेखाची गरज म्हणून मी निम्मा नियम मोडला आहे.) आम्ही तिघे शेजारी उभे राहिलो की एक, दहा आणि शून्य असे आकडे मांडल्यासारखे दिसत असू.

आज हा लेख लिहिण्याचे कारण असे की, येत्या वर्षी शिकू इच्छिणाऱ्यांची नावे पुष्कळ आली आहेत आणि आपल्याकडे चेंडू आहेत सहा. तेव्हा नावे गाळायची कशी, यावर बोलणे निघाले असता काही जणांचे म्हणणे पडले की, उंची आणि वजन घ्यावे व योग्य शरीराच्या मुलामुलींनाच शिकवावे. म्हणणे वरवर शास्त्रीय वाटते. ते खरोखर तसे आहे काय, हे तपासावे म्हणून मी ग्रंथालयात बसले, सरांना आणि आमच्या विभागातील प्राध्यापकांना प्रश्न विचारून भंडावले, आणि दोन वर्षे मैदानावर जे पाहिले ते आठवून पाहिले. त्याचे सार वाचकांपुढे ठेवीत आहे.

शरीराचे तीन साचे

माणसाची शरीरावरून वर्गवारी करण्याची हौस फार जुनी आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ प्रकारची शरीरे निंद्य म्हणून सांगितली आहेत. त्यांत अतिदीर्घ आणि अतिह्रस्व आहेत, तसेच अतिस्थूल आणि अतिकृशही आहेत. म्हणजे आमच्या त्रिकुटातील दोघींचा उल्लेख तेथे सापडतो म्हणायला हरकत नाही! युरोपात अर्न्स्ट क्रेश्मर या जर्मन मनोवैद्याने १९२१ साली शरीराची ठेवण आणि स्वभाव यांची सांगड घालणारे पुस्तक लिहिले. पण आज शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत जे तीन साचे आढळतात ते अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांचे. त्यांनी सुमारे चार हजार महाविद्यालयीन तरुणांची छायाचित्रे अभ्यासून १९४० साली आपली पद्धत मांडली.

शेल्डन यांच्या मते प्रत्येक शरीरात तीन घटक असतात. गोलाई आणि मेद यांचा घटक तो एंडोमॉर्फी. आपण त्याला स्थूलपणा म्हणू. हाडे व स्नायू यांच्या भरीवपणाचा घटक तो मेसोमॉर्फी, म्हणजे पिळदारपणा. आणि लांब, सडपातळ, नाजूक बांध्याचा घटक तो एक्टोमॉर्फी, म्हणजे शेलाटेपणा. या प्रत्येक घटकाला त्यांनी १ ते ७ असे गुण दिले. ७-१-१ म्हणजे टोकाचा स्थूल, १-७-१ म्हणजे टोकाचा पिळदार आणि १-१-७ म्हणजे टोकाचा शेलाटा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘तो एंडोमॉर्फ, ही एक्टोमॉर्फ’ असे आपण सरसकट बोलतो. परंतु मूळ कल्पनेत माणूस तीनपैकी एका खणात बसत नाही. तिन्ही घटक प्रत्येकात असतात, प्रमाण तेवढे वेगळे. बहुतेक माणसे मधल्या आकड्यांत असतात.

शेल्डन येथेच थांबले असते तर बरे झाले असते. त्यांनी पुढे शरीरावरून स्वभावही ठरवला. स्थूल माणूस आरामप्रिय, पिळदार माणूस धाडसी, शेलाटा माणूस एकलकोंडा आणि विचारी! मानसशास्त्राने ही जोडणी आज बाजूला सारली आहे. ज्या व्यक्तीने शरीराचे गुण दिले तीच व्यक्ती स्वभावाचेही गुण देत असेल, तर तिला जे हवे ते दिसणारच. विद्यार्थ्यांची विवस्त्र छायाचित्रे घेण्याच्या त्यांच्या रीतीवरही पुढे कडक टीका झाली. शरीराची ठेवण जन्मभर बदलत नाही, हे त्यांचे मतही टिकले नाही.

१९६७ साली बार्बरा हीथ आणि लिंडसे कार्टर यांनी ही पद्धत सुधारली आणि छायाचित्राऐवजी मोजमापावर आणली. त्यांच्या पद्धतीत दहा मापे घेतात : उंची, वजन, चार ठिकाणच्या त्वचेच्या घड्यांची जाडी (दंडामागे, पाठीवर खांद्याच्या पात्याखाली, कमरेच्या हाडाच्या वर आणि पोटरीवर), कोपर व गुडघा यांच्या हाडांची रुंदी, आणि आवळलेल्या दंडाचा व पोटरीचा घेर. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या पद्धतीत येणारा आकडा ‘आजच्या’ शरीराचा असतो. आहार, व्यायाम, वय यांनी तो बदलतो. तो जन्मपत्रिकेतील रास नव्हे.

शेलाटेपणा काढायला उंचीला वजनाच्या घनमुळाने भागतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याला घनमूळ म्हटले की घाम फुटतो, म्हणून मी उत्तरेच देते. माझ्या मैत्रिणीचे उत्तर आले ४६.७. पैलवानाचे ४०. माझे ३८.६. आता गंमत पाहा. मैत्रीण आम्हां दोघांपासून दूर आहे हे या आकड्याने बरोबर सांगितले. पण पैलवान आणि मी मात्र जवळजवळ शेजारी येऊन बसलो! त्याच्या अंगावर आहे तो पीळ आणि माझ्या अंगावर आहे ते आईच्या हातचे तूप, हे उंची-वजनाला कळत नाही. त्यासाठी त्वचेच्या घड्या आणि दंडाचा घेर मोजावा लागतो. म्हणजे केवळ उंची आणि वजन घेऊन शरीर ‘योग्य’ की ‘अयोग्य’ ठरवायचे म्हटले, तर ज्या शास्त्राचा हवाला द्यायचा त्याच शास्त्राला ते मान्य नाही.

उंच टोपली, पण जोराला लगाम

आता खेळाकडे वळू. बास्केटबॉल हा हळूहळू घडत आलेला खेळ नाही. तो एका शिक्षकाने एका विशिष्ट अडचणीवर उपाय म्हणून शोधला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या कॅनडातील तरुण शिक्षकाकडे अठरा दांडगट विद्यार्थ्यांचा वर्ग होता. बाहेर बर्फ, आत व्यायामशाळा. आत खेळता येईल, पण हाडे मोडणार नाहीत, असा खेळ हवा होता. नेस्मिथ यांनी विचार केला की, गोल समोर उभा असला की जो तो जोराने चेंडू मारतो. गोल डोक्यावर आडवा ठेवला तर? मग जोराचा उपयोग नाही. चेंडू कमानीतून अलगद जावा लागेल. लहानपणी ते एक खेळ खेळत असत. दगडावर ठेवलेला दगड लांबून दुसऱ्या दगडाने पाडायचा, साधारण आपल्या लगोरीच्या जातीचा. त्यात जोरात फेकणाऱ्यापेक्षा झेलासारखा उंच, अलगद फेकणारा जिंकतो, हे त्यांना आठवले. व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता. म्हणून आजही रिंग दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर आहे.

म्हणजे ज्या खेळाला आपण आडदांडांचा आणि उंचांचा खेळ समजतो, त्याचा जन्मच मुळी जोराला लगाम घालून नेमाला मान देण्यासाठी झाला. दहा फुटांमागे माणसाच्या उंचीचा काहीही हिशेब नव्हता. कठडा तेवढा होता, इतकेच!

कमानीचे गणित

रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो. पुरुषांच्या चेंडूचा व्यास सुमारे २४ आणि स्त्रियांच्या चेंडूचा सुमारे २३ सेंटिमीटर. सरळ वरून पाहिले तर रिंगमध्ये जवळजवळ दोन चेंडू शेजारी बसतील. पण चेंडू वरून येत नाही, तिरपा येतो. आणि तिरपा येणाऱ्या चेंडूला रिंग चपटी ‘दिसते’. ४५ अंशांनी येणाऱ्या चेंडूला ती सुमारे ३२ सेंटिमीटर रुंद भेटते. ३० अंशांनी येणाऱ्याला फक्त साडेबावीस. म्हणजे चेंडू आत मावतच नाही! स्वयंपाकघरातील ताट डोळ्यांसमोर आडवे धरून हळूहळू तिरपे केले तर ही गोष्ट कोणालाही कळेल.

यातून पहिला धडा निघतो : चेंडू सपाट फेकू नये. मी पहिले दोन महिने सपाट फेकत होते. कारण मनात एकच धास्ती, ‘माझा चेंडू पोचणार नाही’. पोचावा म्हणून सरळ रेषेत ढकलत होते आणि सरळ रेषेतला चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत माझ्याचकडे येत होता.

आता उंचीचा प्रश्न. फ्री थ्रोची रेषा फळीपासून ४.६० मीटरवर असते आणि रिंगचा मध्य तेथून सुमारे ४.२ मीटर. माझ्या हातून चेंडू सुटतो तेव्हा तो जमिनीपासून अंदाजे १.७५ मीटरवर असतो. मैत्रिणीच्या हातून सुटतो तेव्हा २.०५ मीटरवर. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या माझ्या चुलतभावाने हिशेब करून दिला (हवेचा विरोध सोडून). कमीत कमी वेगात चेंडू पोचवायचा तर मला तो ताशी सुमारे २७ किलोमीटर वेगाने सोडावा लागतो, मैत्रिणीला ताशी २६. शक्तीच्या भाषेत बोलायचे तर मला तिच्यापेक्षा फक्त सात टक्के जास्त जोर लागतो. आणि फेकीचा कोन? तिला सुमारे ५२ अंश, मला ५४. दोन अंशांचा फरक!

हा हिशेब मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवला आहे. आठवीपासून ज्या उंचीने मला मैदानाबाहेर ठेवले, तिची किंमत फ्री थ्रोपुरती सात टक्के होती. हे सात टक्के गुडघे थोडे अधिक वाकवून पायांतून काढता येतात. हातांनी काढायला गेले की कोपर बाहेर जातो आणि नेम बिघडतो. सरांनी मला रेषेवरून उचलून रिंगखाली दीड मीटरवर उभे केले. तेथून सलग बसू लागला की एक पाऊल मागे, चुकू लागला की एक पाऊल पुढे. रेषेपर्यंत पोचायला मला दिवाळीची सुट्टी धरून चार महिने लागले.

हात कसा बसतो

माझे वडील भोसरीला एका कारखान्यात टर्नर आहेत. लेथवर नवीन शिकाऊ मुलगा आला की त्याची शरीरयष्टी कोणी पाहत नाही. ‘हात बसायला वेळ लागतो’ एवढेच म्हणतात. ‘हात बसणे’ हा आपल्या मराठीतील वाक्प्रचार किती अचूक आहे, हे मला मानसशास्त्राच्या तासाला कळले. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ साली कौशल्य शिकण्याच्या तीन अवस्था सांगितल्या. पहिली बोधात्मक : ‘पाय असे, कोपर असा, नजर तेथे’ असे मनात बोलत करावे लागते, चुका मोठ्या आणि दर वेळी वेगळ्या. दुसरी साहचर्यात्मक : तुकडे एकमेकांना जोडले जातात, चुका कमी आणि ठरावीक. तिसरी स्वयंचलित : विचार न करता हात आपोआप काम करतो, आणि मन समोरच्या खेळाडूकडे पाहायला मोकळे होते. यालाच आपण हात बसला म्हणतो.

या तीन अवस्थांतून स्थूल, पिळदार, शेलाटे सगळ्यांनाच जावे लागते. शरीराच्या ठेवणीने फरक पडतो तो अडखळण्याच्या जागेत. आमच्या तिघांचेच उदाहरण घेऊ. हे संशोधन नव्हे, केवळ डोळ्यांनी पाहिलेले आहे.

पैलवानाला बचाव पहिल्याच आठवड्यात जमला. गुडघे वाकवून, वजन पायांच्या चवड्यांवर घेऊन, समोरच्याच्या कमरेकडे पाहत सरकायचे. हा तर त्याचा तालमीतला पवित्राच. पण नेमबाजीत त्याचे बळच त्याच्या आड आले. चेंडू फळीवर असा आपटायचा की शेजारच्या वर्गात तास थांबायचा. त्याला शिकायचे होते ते जोर सोडायला.

मला ड्रिब्लिंग लवकर आले. शरीर जमिनीजवळ, चेंडूचा प्रवास लहान, त्यामुळे तो हातातून काढून घेणे उंच मुलींना अवघड जाई. रिबाउंडच्या वेळी समोरच्याला पाठीवर घेऊन जागा धरणे, हेही वजनामुळे सोपे गेले. पण ले-अपला मात्र मी रडकुंडीला आले. दोन पावले आणि एक उडी. उडीत स्वतःचेच साठ किलो उचलायचे. दमही लवकर लागायचा. येथे शरीर आड आले हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्यावर उपाय चेंडूचा नव्हता. दोरीवरच्या उड्या आणि धावणे हा होता.

मैत्रिणीची गोष्ट पुढे सांगते.

वडिलांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. एकदा घरी मी कुरकुर करीत होते, तेव्हा ते म्हणाले, ‘पोरी, चेंडू चुकला हे तुला कळतं, पण कुठं चुकला ते कोण सांगतं? आम्ही जॉब काढला की लगेच गेज लावून बघतो. गेज नसेल तर शंभर जॉब शंभर वेळा चुकतील.’ शिकण्याच्या मानसशास्त्रात याला परिणामाचे ज्ञान म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून आम्ही जोड्या केल्या. एकाने फेकायचे, दुसऱ्याने फक्त सांगायचे : ‘आखूड’, ‘लांब’, ‘डावा’, ‘सपाट’. चेंडू सहाच असल्याचा हा फायदाच झाला. ज्याच्या हातात चेंडू नाही तो दुसऱ्याचा गेज झाला.

सरावाच्या रीतीबद्दलही एक निष्कर्ष उपयोगी आहे. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ साली हाताच्या साध्या हालचालींवर प्रयोग केला. एका गटाने एकच हालचाल सलग केली, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या गटाने तिन्ही सरमिसळ करून केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता; पण काही दिवसांनी पुन्हा तपासले तेव्हा दुसऱ्या गटाच्या अधिक लक्षात राहिले होते. म्हणजे आज मैदानावर जो भराभर शिकताना दिसतो, तोच उद्या पुढे असेल असे नाही. पहिल्या आठवड्यातील निवड किती फसवी असू शकते, याचा विचार यावरून करावा.

मग उंचीला काही अर्थच नाही काय?

आहे, तो नाकारणे हा दांभिकपणा होईल. सामन्यात समोर हात वर करून उभा असलेला प्रतिस्पर्धी असतो, आणि रिंगजवळच्या झटापटीत उंची, हातांची लांबी व उडी यांना पर्याय नाही. मोठ्या स्पर्धांतील खेळाडूंची शरीरे तपासणाऱ्यांना एक गोष्ट सातत्याने दिसते : सेंटर या जागेवरचे खेळाडू सर्वांत उंच व वजनदार असतात, तर गार्ड त्यामानाने बुटके आणि चपळ. म्हणजे एकाच खेळात अनेक शरीरांना जागा आहे.

परंतु येथे एक तर्कदोष होतो. उत्तम खेळाडू उंच असतात, म्हणून उंच माणसे लवकर शिकतात, असे आपण मानतो. बाजारातल्या पेटीत सगळे आंबे मोठे दिसतात, ते कोणीतरी लहान आंबे आधीच बाजूला काढले म्हणून. वरच्या पायरीवर जी शरीरे दिसतात ती निवडीतून आलेली असतात. त्यावरून ‘निवड योग्य आहे’ असे सिद्ध करणे म्हणजे स्वतःच साक्ष देऊन स्वतःच निकाल देणे.

अपवादही बोलके आहेत. अमेरिकेतील एनबीए या जगातील सर्वांत मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत मग्सी बोग्स हा खेळाडू १९८७ ते २००१ इतकी वर्षे खेळला. त्याची उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे माझ्यापेक्षा एक वीतही जास्त नाही. उलट आपल्या पंजाबचा सतनाम सिंग भामरा. त्याची उंची सात फूट दोन इंच. २०१५ साली डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याला निवडले आणि एनबीएच्या संघाने निवडलेला तो पहिला भारतीय ठरला. तरी एनबीएच्या मुख्य सामन्यात उतरण्याची संधी त्याला मिळाली नाही. उंचीने दार उघडते. आत काय होईल ते इतर गोष्टींवर अवलंबून राहते.

आपल्या महाराष्ट्रापुरते पाहिले तरी मैदान आणि सवय यांचे महत्त्व दिसते. मुंबईच्या नागपाड्यासारख्या दाट वस्तीतून कितीतरी बास्केटबॉलपटू पुढे आले. १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर हे त्याच नागपाड्याचे. नागपाड्यातील माणसे इतर मुंबईकरांपेक्षा उंच असतात असे काही नाही. तेथे गल्लीच्या टोकाला कोर्ट होते आणि संध्याकाळी पोरांना तेथे जायची सवय होती. भारतीय महिला संघाचे नेतृत्व केलेली शिरीन लिमये आपल्या पुण्याची. आपले चिखली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. त्याआधीपासून येथे तालीम आहे, कबड्डी आहे, टाळगाव म्हणून भजनाची परंपरा आहे. बास्केटबॉलची सवय मात्र नव्हती. ती आता कुठे लागते आहे. अशा वेळी दारातच मोजपट्टी लावायची काय?

माझी चूक

आता मैत्रिणीबद्दल. हे तिची परवानगी घेऊन लिहिते आहे.

ती आली तेव्हा सगळ्यांचे चेहरे फुलले. ‘संघाला सेंटर मिळाली!’ पहिल्याच दिवशी ती रिंगखाली उभी केली गेली. तिला चेंडू झेलता येत नव्हता. कसा येणार? ती कधी खेळलीच नव्हती. उंचीबद्दल आयुष्यभर ऐकलेल्या थट्टेमुळे ती पाठीला पोक काढून चालत असे. हात वर करायचाही तिला संकोच होता. माझा चेंडू चुकला की सगळे म्हणत, ‘शाब्बास, प्रयत्न कर.’ तिचा चुकला की म्हणत, ‘अगं, एवढी उंच असून?’ मी बोधात्मक अवस्थेत आहे हे सर्वांना मान्य होते. ती मात्र पहिल्या दिवसापासून तिसऱ्या अवस्थेत असावी अशी अपेक्षा होती.

आणि हे म्हणणाऱ्यांत मीही होते. एकदा सोप्या जागेवरून तिचा चेंडू हुकला तेव्हा मी हसत म्हणाले, ‘तुला काय गं, नुसता हात वर केला की झालं!’ ती काही बोलली नाही. दोन दिवस आली, तिसऱ्या दिवसापासून आली नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, ‘बस चुकते.’ बस चुकत नव्हती.

आठवीत मला जे वाक्य लागले त्याचीच ही उलटी बाजू होती, हे मला फार उशिरा उमगले. ‘तुझ्या शरीराला हे जमणार नाही’ आणि ‘तुझ्या शरीराला हे जमलेच पाहिजे’ ही दोन वाक्ये दिसायला परस्परविरुद्ध; पण दोन्ही शरीराकडे पाहून माणसाचा निकाल देतात. पहिले शिकू देत नाही. दुसरे चुकू देत नाही. आणि चुकल्याशिवाय शिकता येत नाही. मी तिची क्षमा मागितली. तिने ती केलीही. पण मैदानावर ती पुन्हा आलेली नाही.

शेवटी

तेव्हा सहा चेंडू आणि पुष्कळ नावे या अडचणीवर माझ्या अल्पमतीला सुचते ते असे. संघ निवडताना उंची, उडी, वेग सगळे अवश्य मोजावे. तेथे स्पर्धा आहे. पण शिकायला येणाऱ्यांची वर्गवारी शरीरावरून न करता अवस्थेवरून करावी : अगदी नवे, थोडे जमणारे, हात बसलेले. प्रत्येक गटाचे दिवस ठरवावेत. जोड्या करून एक चेंडू दोघांत द्यावा. नव्यांना प्रथम रिंगजवळ उभे करावे आणि बसू लागला की मागे न्यावे. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंगच २.६० मीटरवर आणतात व चेंडूही लहान देतात; शिकणाऱ्याला खेळाजवळ आणण्याचीच ती रीत आहे. मुलींना मुलींचाच चेंडू मिळेल एवढे पाहावे. आणि शरीराची मापे घ्यायचीच असतील तर ती कोणाला कोणता व्यायाम हवा हे सांगण्यासाठी घ्यावीत, कोणाला घरी पाठवावे हे ठरवण्यासाठी नव्हे.

माझ्याबद्दल विचाराल तर मी आपल्या संघात नाही. निवड चाचणीत ले-अपवर अडखळले आणि ती निवड योग्यच होती. पैलवान राखीव खेळाडूंत आहे. मी अजून सकाळी साडेसहाला जाते. रेषेवर उभी राहते, गुडघे वाकवते, वहीतले सात टक्के आठवते आणि चेंडू सोडते. कधी जातो, कधी जात नाही. मात्र तो सुटताना मनात आता कोणाचे वाक्य ऐकू येत नाही.

नव्या यादीत कुदळवाडीचे एक नाव मी स्वतः, तिला विचारून, लिहिले आहे. ती आली तर मित्रमैत्रिणींना माझी एकच विनंती : तिची उंची कोणी काढू नये. तिला चेंडू द्यावा आणि ‘आखूड’ की ‘लांब’ एवढेच सांगावे.